घराची शोभा आणि घरची शिल्लक

पावसाळा सरतो, रब्बी ज्वारीची पेरणी आटोपते आणि नाताळापूर्वी घरे झाडून-पुसून रंगविण्याचे दिवस जवळ येतात. अशा वेळी आमच्या धर्मग्रामात एक प्रश्न हमखास कानी पडतो : “फादर, औंदा भिंतीला काय लावावं?” प्रश्न साधा आहे, परंतु त्याच्या पाठीमागे दुसरा एक प्रश्न उभा असतो व तो कोणी मोठ्याने विचारीत नाही. तो म्हणजे, त्यासाठी पैसा कोणाकडून घ्यावा? घरांना आशीर्वाद देण्याच्या निमित्ताने आम्हांस वर्षाकाठी बहुतेक उंबरठे ओलांडावे लागतात. घरची माउली चहा ठेवावयास आत जाते तेवढ्या वेळात आमची दृष्टी भिंतीवरून व जमिनीवरून फिरते, आणि त्या घराने काय सोसले आहे ते पुष्कळदा तेथेच वाचावयास मिळते.

भालकी तालुक्यातील एका घरची गोष्ट सांगतो. गावाचे नाव सांगत नाही, कारण ही गोष्ट अनेक गावांची आहे. घरात मुलाचे लग्न निघाले. बैठकीच्या खोलीत आजोबांच्या हातची शहाबादी फरशी होती, चांगली घट्ट बसलेली, पायांनी घासून गुळगुळीत झालेली. पाहुणे येणार म्हणून तिच्यावर चकचकीत टाईल्स बसविल्या, भिंतींना प्लॅस्टिकच्या रंगीत पट्ट्या ठोकल्या आणि हा सर्व खर्च आठवड्याच्या हप्त्याच्या कर्जातून उचलला. लग्न थाटाने पार पडले. पुढे श्रावणातल्या एका सकाळी आजी ओल्या पायांनी अंगणातून आत आल्या, त्या टाईल्सवर पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. आता त्या घरी हप्ताही चालू आहे आणि औषधपाणीही चालू आहे. सूनबाई आम्हांस म्हणाल्या, “फादर, फरशी आमचीच, पण पाय टाकायला भ्या वाटतं.” ह्यावर आम्हांस काही उत्तर देता आले नाही.

हप्त्याच्या कर्जाचा मोह कोठे असतो, तर आकडा लहान ऐकू येतो. आठवड्याला पाचशे रुपये म्हटले म्हणजे काहीच वाटत नाही. तेच १०४ आठवडे दिले की ५२,००० रुपये होतात, ही बेरीज मात्र कर्ज देणारा मनुष्य दारात उभा राहून करून दाखवीत नाही. ती आपण आपल्या वहीत करावी आणि एकूण किती रक्कम फेडावी लागेल हे विचारल्याशिवाय अंगठा किंवा सही देऊ नये. वसुलीच्या जाचाने माणसे किती गांजली होती हे सर्वांस ठाऊक आहे. म्हणूनच २०२५ च्या फेब्रुवारीत कर्नाटक शासनाला सूक्ष्म कर्जांच्या जबरी वसुलीस आळा घालणारा अध्यादेश काढावा लागला. अध्यादेशाने धाकदपटशा थांबवावा हे योग्यच. परंतु भिंतीवरच्या पट्ट्यांसाठी कर्ज काढावे की नाही, हे ठरविणे आपल्याच हाती आहे.

दुसऱ्याचे दोष सांगून आम्ही मोकळे होणार नाही. आमचाही एक अपराध आहे व तो रंगाचाच आहे. बीदरचे पठार जांभ्या दगडाचे, आणि आम्ही राहतो ते जुने घरही त्याच दगडाचे, चुन्यात बांधलेले. तीन वर्षांपूर्वी आम्हांस वाटले की, दर वर्षी चुना मारण्याची कटकट एकदाची मिटवावी. म्हणून आम्ही सर्व भिंतींस आतून ऑइलपेंट दिला. फिकट हिरवा रंग होता. पहिले सहा महिने जो येई तो वाखाणी, आणि आम्हीही थोडे फुगलो. दुसऱ्या पावसाळ्यात जमिनीपासून हात-दीड हात उंचीपर्यंत त्या रंगाला फोड आले. फोड दाबला की आतून ओले पीठ गळे. जेवढ्या पैशांत मुलांच्या अभ्यासासाठी चार बाके झाली असती तेवढा पैसा अशा रीतीने भिंतीवरून सोलून निघाला. शेवटी एका वृद्ध गवंड्यास बोलाविले. त्यांनी भिंतीला तळहात लावला, आमच्याकडे पाहिले आणि म्हणाले, “फादर, भिंतीला बी घाम येतो की. तुम्ही तिला रेनकोट घातला. मग ती आतल्या आत भिजणार, न्हाई तर काय?”

त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. जांभा हा सच्छिद्र दगड. तो जमिनीतील ओल वर शोषून घेतो. मातीत किंवा चुन्यात बांधलेल्या कोणत्याही जुन्या भिंतीची हीच रीत. वर चुन्याचा हात असला म्हणजे ती ओल वाफ होऊन हळूहळू निघून जाते. ऑइलपेंटची साय तिला वाट देत नाही. ओल आत तुंबते, तिच्याबरोबर आलेले क्षार साचतात, लोणा धरतो आणि रंगासह गिलावाही सुटतो. नव्या, कोरड्या सिमेंटच्या भिंतीवर ऑइलपेंट टिकेल, ह्याविषयी वाद नाही. परंतु आपल्या सीमाभागात निम्मी घरे तरी अजून जुन्या भिंतींवर उभी आहेत, आणि त्यांना हा पोशाख मानवत नाही.

मग ह्या घरांना मानवते काय? आम्ही म्हणू, आपल्या पायाखालचा दगड. कागिणा नदीच्या काठी शहाबाद, तेथून जवळ वाडी जंक्शन, पलीकडे चित्तापूर आणि सेडम. ह्या सबंध पट्ट्यात जमिनीखाली चुनखडीचे थरावर थर आहेत. कोट्यवधी वर्षांपूर्वी येथे समुद्र होता व त्याच्या तळाशी हा गाळ बसत गेला. म्हणूनच हा दगड वहीची पाने सुटावी तसा पातळ लाद्यांनी सुटतो. मुंबईच्या चाळीत, पुण्याच्या वाड्यात, सोलापूरच्या गिरणी-कामगारांच्या खोल्यांत तो रेल्वेने गेला, आणि ‘शहाबादी’ हा शब्द मराठी माणसाच्या बोलण्यात कायमचा बसला. सीमेपलीकडे तेलंगणातील तांडूरचा दगडही ह्याच जातीचा. आता ह्याच दगडाला भट्टीत भाजले की चुना होतो. तो पाण्यात विझवून भिंतीला दिला की हवेतील कार्बन वायू शोषून पुन्हा दगडच होतो. वाडीच्या आणि मळखेडच्या कारखान्यांतले सिमेंटही मुळात ह्याच खडकापासून बनते. (मळखेड म्हणजे राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट. एकेकाळी तेथे राजवाडे होते. आज धुराड्यांवरून गाव ओळखावे लागते.) सारांश, ज्याच्या घरी शहाबादी जमीन आणि चुन्याची भिंत आहे त्याचे घर आतून-बाहेरून एकाच दगडाचे आहे. अशा घराला एक शांत शोभा असते. शहरातील काही धनिक आज वास्तुरचनाकारास पैसे मोजून तीच आपल्या बंगल्यात आणवितात, आणि आपण मात्र ती टाईल्सखाली पुरतो.

कलबुर्गीचा उन्हाळा चाळीस अंशांच्या पुढे जातो. दुपारी शहाबादी फरशीवर नुसती चटई टाकून पडून पाहावे. पंख्याची उणीव निम्मी भरून निघते. ही फरशी ओली झाली तरी घडलेल्या, न घोटलेल्या अंगाने पाय धरून ठेवते, म्हणून न्हाणीघर, अंगण आणि जिन्याच्या पायऱ्या ह्यांसाठी पॉलिश न केलेलीच लादी घ्यावी. तिची निगा फार नाही, मात्र एक पथ्य कडक आहे. हा चुनखडीचा दगड आंबटाचा वैरी आहे. लिंबू, चिंच, ताक सांडले तर लगेच पुसावे. आणि संडास धुण्याचे तेजाब तर ह्या फरशीवर कधीही ओतू नये. त्याने डाग निघत नाही, दगडच खाल्ला जातो. साधे पाणी, थोडा साबण आणि नारळाची शेंडी एवढ्यावर पिढ्यान्‌पिढ्या फरशी राहते. सांधे उखडले असतील तर सगळी जमीन बदलण्याचे कारण नाही. सांधे खरवडून पुन्हा भरावे, हलणारी लादी उचलून खाली वाळू सारखी करावी. खाणींवर व घासणीच्या कारखान्यांपाशी फुटक्या लाद्यांचे ढीग पडलेले असतात. मालकास विचारून तेथून तुकडे आणले तर भाडे पडेल तेवढाच खर्च. आणि आकड्यात आकडा बसावा तसे ते जुळवून अंगणात बसविले म्हणजे पावसाळ्यातला चिखल घरात येत नाही.

भिंतीत बसविलेली शहाबादी लादी म्हणजे तयार फडताळ. जुन्या घरांतून कोनाडे व अशी फडताळे असत. त्यांना वाळवी लागत नाही, दार नाही म्हणून बिजागरी नाही, आणि कपाटाचा पैसा वाचतो. आम्ही पाहतो की, तरुण मंडळी प्रथम कोनाडे बुजवितात आणि मग दिवा, घड्याळ व क्रूस ठेवण्यास जागा नाही म्हणून खिळे ठोकीत बसतात.

आता चुन्याविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण चुना मारण्याची विद्या घरोघरच्या वडीलधाऱ्यांबरोबर चालली आहे. कळीचा चुना आणावा. पत्र्याच्या पिंपात आधी भरपूर पाणी घ्यावे व त्यात कळ्या थोड्या थोड्या सोडाव्यात. कळ्यांवर पाणी ओतू नये, कारण चुना उसळतो. पाणी खळखळून तापते, म्हणून प्लॅस्टिकची बादली वापरू नये, मुलांना जवळ फिरकू देऊ नये आणि आपल्या डोळ्यांना काहीतरी आडोसा ठेवावा. थेंब डोळ्यात गेलाच तर ताबडतोब पुष्कळ स्वच्छ पाण्याने बराच वेळ डोळा धुवावा आणि दवाखाना गाठावा. ह्यात हयगय केल्यास दृष्टी जाते. विझलेला चुना पाण्याखाली निदान आठवडाभर मुरू द्यावा, अधिक मुरला तर अधिक चांगला. मग जुन्या धोतराने गाळून, दुधाइतका पातळ करून, त्यात थोडा भिजविलेला डिंक व चिमूटभर नीळ मिसळावी. भिंत आधी पाण्याने ओली करावी आणि कुंच्याने पातळ हात द्यावा. पहिला हात ओला असताना काहीच दिसत नाही व मनुष्य घाबरून घट्ट चुना फासतो. तोच नंतर पापुद्रे होऊन गळतो. वाळला की पांढरा होतो, धीर धरावा. असे दोन-तीन पातळ हात पुरेत.

रंग हवाच असेल तर गेरू किंवा पिवडी मिसळावी. मातीचे रंग चुन्यात टिकतात. बीदरकडची तांबडी माती बारीक चाळून, चुन्याच्या पाण्यात कालवून, आमच्या गवंडीबाबांनी भिंतीच्या पायथ्याशी हातभर रुंद पट्टा ओढून दिला. पायांचे, झाडूचे डाग त्यात दिसत नाहीत, आणि खोलीला एकदम घरपण आले. ज्यांनी आमच्यासारखा ऑइलपेंट लावून ठेवला आहे त्यांस मात्र आधी तो सगळा खरवडावा लागेल. चुना त्याच्यावर धरत नाही. आम्ही आठ दिवस खरवडीत होतो, ही शिक्षा योग्यच होती.

चुन्याच्या भिंतीचा आणखी एक गुण आहे व तो शोभेहून मोठा आहे. पांढऱ्या भिंतीवर तडा दिसतो, ओल दिसते, वाळवीची वाट दिसते. प्लॅस्टिकच्या पट्ट्या हे सर्व झाकून टाकतात. आमच्या पिढीने ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट विसरू नये. चार वाजायला काही मिनिटे होती. गणेशविसर्जनाच्या रात्री थकून निजलेले किल्लारी आणि आजूबाजूची गावे भूकंपाने जमीनदोस्त झाली व हजारो माणसे गाडली गेली. आळंद, बसवकल्याण, भालकी येथून किल्लारी काही दूर नाही. आपलीही माणसे उठून रस्त्यावर आली होती. त्या घरांची भिंत दोन्ही अंगांनी दगडाची, मधे मुरूम-खडीची भर, सांध्यांत माती. आणि भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड बहुधा नव्हतेच. वर माळवद, आणि ते गळू नये म्हणून दर वर्षी नवी पांढरी माती, असा भार वाढत गेलेला. हादरा बसताच भिंतीचे दोन्ही पदर सुटले. तेव्हा आम्ही जुन्या घराची स्तुती करतो ती डोळे झाकून नव्हे. माळवदावर मातीचा थर जाड झाला असेल तर तो उतरवून हलका करावा. भिंत फुगली असेल, तडा रुंदावत असेल, तर जाणत्या गवंड्यास दाखवून आरपार दगड किंवा लोखंडी बांधणी घालून घ्यावी. ह्या कामासाठी पैसा साठवावा, आणि अगदी निकड असेल तर ह्या कामासाठी कर्जही काढावे. रंग त्यानंतर. फुगलेली भिंत रंगीत पट्ट्यांखाली लपवून तिच्या पायथ्याशी लेकरे निजविणारा गृहस्थ आम्हांस ठाऊक आहे. त्याच्याशी आम्ही अजूनही भांडत आहोत.

भिंत आणि जमीन झाली. मग खाटेवर, बाजेवर काय? आपली वाकळ. कोणी तिला गोधडी म्हणतात, कन्नड शेजारी कौदी म्हणतात, वस्तू एकच. जुने इरकली लुगडे वर, धोतर खाली, मधे फाटक्या कापडांचे थर, आणि कडेकडेने आत वळत गेलेले बारीक टाके. शेजारणी दुपारी चौघी जमून एक एक बाजू धरतात व दोन-तीन आठवड्यांत वाकळ उभी राहते. बाजारातली रंगीत रग घरी आली आणि वाकळ भूस भरण्याच्या पोत्यावर टाकली गेली, हे पाहून आम्हांस वाईट वाटते. उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाज राहतो. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले, आणि त्यांच्यात हिंदू, मुसलमान व कॅथोलिक अशी तिन्ही घरे आहेत. त्यांच्या बायका अशीच वाकळ शिवतात, तिला कवंदी म्हणतात. तिच्या चारही कोपऱ्यांवर कापडाची तिकोनी घडी लावतात; तिचे नाव ‘फूल’. फुलांवाचून कवंदी त्यांना उघडी वाटते. ह्या कवंद्या आज परदेशांतील प्रदर्शनांत भिंतीवर टांगल्या जातात. आपल्या तांड्यांवरच्या लंबाणी भगिनींचे आरशांचे भरतकामही तसेच. हे दोन्ही चिंध्यांतून आणि फावल्या वेळातून उभे राहिले.

एक सावधगिरी सांगतो. पूर्वीची लुगडी सुती होती. आजच्या पुष्कळ साड्या पॉलिस्टरच्या असतात. त्या घाम टिपत नाहीत आणि चुलीची ठिणगी पडली तर वितळून अंगास चिकटतात. तेव्हा वरचा, खालचा व आतला थर सुतीच असावा; झगझगीत साडीचा उपयोग करायचाच असेल तर खिडकीच्या पडद्यास करावा. लहान मुलाची दुपटी तर शुद्ध सुतीच हवीत.

बीदरचे नाव काढले आणि बिदरीचे काढले नाही तर वाचक रागावतील. जस्तात थोडे तांबे मिसळून भांडे ओततात, त्यावर नक्षी कोरून चांदीची तार ठोकतात, आणि शेवटी बीदरच्या किल्ल्यातली माती नवसागरात कालवून त्याने भांडे घासतात. धातू काळाभोर होतो, चांदी तेवढी उजळ राहते. २००६ साली ह्या कलेला भौगोलिक मानांकन मिळाले व २०२३ साली येथील कारागीर शाह रशीद अहमद कादरी ह्यांस पद्मश्री देण्यात आली. नवी वस्तू विकत घेणे आपल्यासारख्यांच्या आवाक्यातले नाही. परंतु एखाद्या घरी मागच्या पिढीची डबी किंवा पानदान अडगळीत सापडते, ते काळवंडले म्हणून चिंचेने घासू नका आणि मोडीतही घालू नका. तो काळेपणाच तिची शोभा आहे. खोबरेल तेलाचा बोट फिरवून मऊ कापडाने पुसा. खोलीत अशी एकच वस्तू कोनाड्यात असली म्हणजे प्लॅस्टिकच्या फुलांच्या पाच कुंड्यांची गरज उरत नाही.

प्लॅस्टिकच्या फुलांविषयी आम्ही ह्याहून अधिक लिहिणार नाही. वेदीवरही ती नकोत असे आम्ही अनेकदा सांगितले आहे आणि पुढच्याच रविवारी ती परत आलेली असतात. न्हाणीच्या सांडपाण्यावर कर्दळ व अळू लावा. कर्दळीचे फूल लाल, अळूची भाजी, आणि डासांचे डबके नाहीसे.

आमच्याकडे ह्या महिन्यात दोन पिंपे चुना विझवून ठेवला आहे. तो धर्मगुरुनिवासाच्या मागे, पडवीत आहे व आता चांगला मुरला आहे. आमच्या भिंतींना लागून जो उरेल तो ज्यांना हवा त्यांनी न्यावा. गवंडीबाबा शनिवारी सकाळी येणार आहेत. कुंचा कसा धरावा हे ते दाखवतील आणि आमचा हिरवा रंग कसा सोलला हेही बहुधा रंगवून सांगतील. येताना झाकणाचा पत्र्याचा डबा आणावा, आणि लहान मुलांना बरोबर आणू नये.